अन्नमार्गाची शस्त्रक्रिया : उपचार आणि उपद्रव



ज्या शाळेत मी पाढे पाठ केले, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा प्रसंग येईल असे मला कधी वाटले नव्हते. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या गुरुजींनी मला गणित शिकविले. त्यांचा एक दंडक होता. चुकलेले गणित पाटीवरून पुसायचे नाही. त्यावर एक तिरकी रेघ मारायची आणि शेजारी ते पुन्हा मांडायचे. आम्ही थुंकी लावून पाटी पुसण्यात तरबेज होतो. त्यामुळे हा दंडक आम्हांला जाचक वाटे. चूक डोळ्यांसमोर राहिली तरच हातचा कुठे विसरला ते कळते, असे त्यांचे म्हणणे होते. आजचा माझा विषय वैद्यकातला असला तरी त्याचा धागा त्या पाटीशी जोडलेला आहे, हे शेवटी आपल्या ध्यानी येईल.

अन्ननलिका आणि जठर यांचे विकार, त्यांवरील शस्त्रक्रिया आणि त्या शस्त्रक्रियांनंतर उद्भवणारे उपद्रव, असा माझा विषय आहे. 'उपद्रव' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. मूळ व्याधीच्या पाठोपाठ तिच्यामुळेच उभी राहणारी दुसरी व्याधी, या अर्थाने आयुर्वेदाने हा शब्द फार पूर्वी योजला आहे. इंग्रजी शब्दाची उसनवारी करण्याची येथे गरज नाही.

आपण बुऱ्हाणपूरकर आहोत, म्हणून प्रारंभ आपल्या कुंडी भंडाऱ्यापासून करतो. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याकडून जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणण्याची ही योजना सिद्ध झाली. ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या आणि त्यांना आतून जोडणारे भुयार, अशी तिची रचना आहे. आपल्यापैकी जे खाली उतरले असतील त्यांनी भुयाराच्या भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढरे थर पाहिले असतील. थर वाढला की मार्ग अरुंद होतो, आणि मार्ग अरुंद झाला की पुढच्या कुंडीचे पाणी कमी होते.

मनुष्याची अन्ननलिका हेही असेच एक आत दडलेले भुयार आहे. तिची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर. ती गळ्यात सुरू होते, छातीत हृदयाच्या मागून व पाठीच्या कण्याच्या पुढून उतरते, आणि छाती व पोट यांमधील पडद्याच्या छिद्रातून पोटात शिरून जठराला मिळते. मात्र भंडाऱ्यातील पाणी उतारावरून आपोआप वाहते, तसे अन्नाचे नाही. नलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून घास पुढे ढकलतात, म्हणूनच शीर्षासनातही माणूस गिळू शकतो. नलिकेच्या तळाशी असलेली स्नायूंची झडप घास आला की उघडते व तो गेला की मिटते. ती सैल पडली तर जठरातील आम्ल वर येऊन छातीत जळजळ होते. ती उघडेनाशी झाली तर खाल्लेले अन्न नलिकेतच तुंबते.

या तुंबण्याच्या विकारावर पहिला नोंदलेला उपाय मोठा विलक्षण आहे. इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्याने १६७४ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन लिहिले. देवमाशाच्या हाडाच्या काठीला टोकाशी स्पंज बांधून त्याने ती काठी रुग्णाच्या हाती दिली. रुग्ण जेवणानंतर स्वतःच ती गिळून अन्न खाली लोटत असे. शस्त्रक्रियेने ही झडप मोकळी करण्याचे काम १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी केले. त्यांनी झडपेचे स्नायू बाहेरून उभे छेदले आणि आतील नाजूक अस्तर मात्र शाबूत ठेवले. आज हीच क्रिया दुर्बिणीद्वारे पोटावरील लहान छिद्रांतून होते. जपानचे हारुहिरो इनोऊए यांनी २००८ पासून तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच स्नायू छेदण्याची रीत रूढ केली. याउलट झडप सैल पडली असेल तर जठराचा वरचा भाग नलिकेभोवती मफलरीसारखा गुंडाळतात. रुडॉल्फ निसेन यांनी ही पद्धत १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. हे वेष्टन फार घट्ट बसले तर रुग्णाला ढेकर देता येत नाही व घास अडकतो. सैल बसले तर जळजळ परत येते. घट्ट आणि सैल यांमधले माप हातालाच शिकावे लागते.

आता जठराकडे वळू. आपल्या भागात एक समज पक्का रुजलेला आहे की, पोटातील व्रण, म्हणजे अल्सर, तिखटाने होतो. ठेच्यावर आणि शेवभाजीवर त्याचा सगळा दोष टाकला जातो. मीही विद्यार्थिदशेत रुग्णांना दूध पिण्याचा व मिरची सोडण्याचा सल्ला देत असे. हा समज खोटा ठरविणारे संशोधन ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाले. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी जठराच्या अस्तरात राहणारा एक वक्राकार जंतू ओळखला आणि १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढविला. आम्लात जंतू जगतच नाहीत, असे सर्वांचे मत होते. तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचा द्रव स्वतः प्राशन केला आणि स्वतःच्या जठराला दाह झाल्याचे दाखविले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या हेलिकोबॅक्टर जंतूखालोखाल व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार पाठदुखीसाठी उपाशीपोटी रोज एक गोळी घेतो आणि ती साधी गोळी आहे असे समजतो. अशा कित्येकांची पोटे मी उघडली आहेत.

व्रणावरील शस्त्रक्रियेचा इतिहास उद्बोधक आहे. व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. त्यापूर्वी फ्रान्समध्ये १८७९ साली व पोलंडच्या भूमीवर १८८० साली असे प्रयत्न झाले होते, परंतु ते रुग्ण वाचले नाहीत. बिलरोथ यांची रुग्ण, थेरेसे हेलर ही स्त्री, शस्त्रक्रियेतून वाचली आणि सुमारे चार महिन्यांनी कर्करोग पसरल्यामुळे वारली. पुढे हीच रीत व्रणासाठीही वापरात आली. १९४३ मध्ये लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल निर्माण करण्याची आज्ञा देणारी मज्जातंतूची शाखाच छेदण्याची पद्धत सुरू केली. आमच्या आधीच्या पिढीतील शल्यचिकित्सकाचा निम्मा दिवस या शस्त्रक्रियांत जाई. भारतातील व्रणाचा प्रादेशिक नकाशा रेखाटणारे फ्रँक टोव्ही हे म्हैसूरला काम करणारे शल्यचिकित्सक होते. तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेत व पूर्वेत व्रण अधिक आणि गहू खाणाऱ्या पंजाबात कमी, असे त्यांनी नोंदले. जंतूचा शोध लागला, आम्ल रोखणारी औषधे आली आणि व्रणाची ही नियोजित शस्त्रक्रिया जवळजवळ नाहीशी झाली. एका शास्त्राने स्वतःचेच एक मोठे दालन आनंदाने बंद करावे, असे प्रसंग विरळा.

मात्र व्रण फुटणे आजही घडते. पोटात एकाएकी सुरा खुपसल्यासारखी वेदना होते, पोट फळीसारखे कडक होते आणि रुग्ण हालचाल करायला धजत नाही. उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात पडद्याखाली हवेची चंद्रकोर दिसते. अशा वेळी पोटातील चरबीचा पडदा, ज्याला आपण वपा म्हणतो, तिचे ठिगळ त्या छिद्रावर बसवितात. कॅनडाचे रॉस्को ग्रॅहॅम यांनी १९३७ मध्ये वर्णिलेली ही साधी क्रिया आजही तशीच चालते. रुग्ण पहिल्या काही तासांत आला तर बहुधा वाचतो. दुसऱ्या दिवशी आला तर पोटभर पसरलेल्या पुवाशी आम्हांला झुंजावे लागते. म्हणून अशी वेदना झाल्यावर घरगुती शेक देत रात्र काढू नये, एवढे आपण घरोघरी सांगावे.

जठराचा मोठा भाग काढल्यानंतर जगणे शक्य असते, पण जगण्याची घडी बदलते. जठर ही अन्नाची कोठी आहे. ती गेली की गोड व पातळ अन्न एकदम आतड्यात उतरते आणि जेवणानंतर अर्ध्या तासात घाम, धडधड व चक्कर येते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून थरकाप सुटतो. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाणे, जेवताना पाणी न पिणे आणि गोड टाळणे, हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. दुसरा उपद्रव अधिक लबाड आहे. जीवनसत्त्व ब-१२ शोषण्यास लागणारा घटक जठरातच तयार होतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. मग थकवा येतो आणि पायांना मुंग्या येऊ लागतात. संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णाने ब-१२ जन्मभर घेतले पाहिजे. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि हे सांगायचे राहिले, तर तो हातचा विसरलेलाच हिशेब होय.

अन्ननलिकेची शस्त्रक्रिया याहून अवघड. न्यूयॉर्क येथे फ्रांझ टोरेक यांनी १९१३ मध्ये छाती उघडून कर्करोगग्रस्त अन्ननलिका काढली. जोडणी करण्याचे धाडस त्यांनी केले नाही. गळ्यातील छिद्रापासून पोटातील छिद्रापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी लावून त्या वृद्धेने बारा वर्षांहून अधिक काळ अन्न घेतले. पुढे १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट व उजवी छाती अशा दोन मार्गांनी नलिका काढून जठर वर ओढून जोडण्याची पद्धत मांडली. आजही जगभर तीच, थोड्याफार फरकाने, चालू आहे. तिला आता शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीची, काही वेळा किरणोपचाराचीही, जोड मिळाली आहे.

अवघड का, ते आपल्या केळीच्या बागाइतदारांना चटकन समजेल. वर ओढलेल्या जठराची नळी मुख्यतः एकाच रक्तवाहिनीवर जगते. ती खालून वर येते आणि जोड असतो सर्वांत वरच्या टोकाला. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी कमी मिळते, तसे त्या टोकाला रक्त कमी मिळते. शिवाय पोटातील आतड्यांवर जे बाहेरचे चिवट आवरण असते, ते अन्ननलिकेला नसते. त्यामुळे टाका धरत नाही. म्हणून चांगल्या केंद्रांतही शंभरातील दहाच्या आसपास रुग्णांत हा जोड गळतो, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना लहानमोठा काही उपद्रव होतोच. अमेरिकेतील २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, जेथे ही शस्त्रक्रिया क्वचित होते तेथे मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस होते, आणि जेथे ती वारंवार होते तेथे साडेआठच्या आत होते. म्हणून या एका शस्त्रक्रियेसाठी तरी जवळचे रुग्णालय सोडून रात्रीच्या गाडीने इंदूर किंवा मुंबई गाठणे शहाणपणाचे ठरते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आहे.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा विषय निवडला, तो सांगतो. गुरुजींनी तो या शाळेत सांगावा असे मला बजावले होते.

एका दिवाळीत मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ते भाकरी दुधात कुस्करून, मऊ करून खात होते. मी ते पाहिले आणि दात गेले असतील असे मनाशी म्हटले. अन्ननलिकेच्या कर्करोगात आधी भाकरी अडते, मग भात, मग पेज आणि शेवटी पाणीही. रुग्ण नकळत आपले अन्न मऊ करीत जातो आणि त्यामुळेच महिनोन् महिने आजार झाकला जातो. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवीत होतो. माझ्याच समोरच्या ताटात ते मला दिसले नाही. चार महिन्यांनी त्यांचे वजन उतरले तेव्हा तपासणी झाली. दुर्बिणीतून गाठ दिसली.

शस्त्रक्रिया मी केली. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांची नाडी एकशेदहा झाली आणि किंचित ज्वर आला. सलाइनच्या सुईमुळे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. जोड गळू लागल्याची पहिली खूण बहुधा नाडीच देते, हेही मी शिकवीत होतो. परंतु ज्याच्यावर आपली माया असते त्याच्या बाबतीत वाईट शंका मनाला शिवू द्यावीशी वाटत नाही. एक रात्र गेली. सकाळी तपासणीत गळती स्पष्ट झाली. छातीत साचलेला स्राव नळीने काढावा लागला, आणि पुढे कित्येक आठवडे आतड्यात घातलेल्या नळीवाटे त्यांचे पोषण झाले.

जरा बोलता येऊ लागल्यावर त्यांनी मला विचारले की, नेमके काय चुकले. मी गोलमोल उत्तर दिले. त्यांनी हाताने हवेत एक तिरकी रेघ ओढली. मग मी सगळे सांगितले, दिवाळीचे ताटही आणि ती रात्रही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि स्वतःच्या बाजूची चूकही मांडली. शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षे त्यांच्या खिशात तंबाखूची डबी असे. मुलांना तंबाखूवर निबंध लिहायला लावून ते स्वतः चुना मळत. दोन्ही चुका शाळेत सांग, असे ते म्हणाले. त्यानंतर ते दोन वर्षे जगले. बसून जेवले, नातवंडांना गणित शिकविले. शेवटी व्याधी परतली.

तंबाखूचा हा संबंध आपल्याच माणसांनी फार पूर्वी दाखविला होता. मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. संघवी आदी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. तंबाखू चघळणे व ओढणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी संबंध त्यात त्यांनी आकड्यांनिशी मांडला. आपल्या मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुढे सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकली जाऊ लागली. कायद्याची वाट काढणारे हात आपल्यातलेच आहेत.

आणखी एक गोष्ट घरातील मंडळींसाठी. फरशी व संडास धुण्याचे ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. ते पिऊन अन्ननलिका जळालेली मुले मी पाहिली आहेत. अशा वेळी मुलाला ओकारी करवू नये. वर येताना ॲसिड नलिका पुन्हा जाळते. तडक रुग्णालयात न्यावे. जळलेली नलिका आक्रसते, मग महिनोन् महिने ती ताणून रुंद करावी लागते, आणि काहींना मोठ्या आतड्याचा तुकडा छातीत बसवून नवी नलिका द्यावी लागते. हे सारे एका रिकाम्या बाटलीमुळे घडते.

मित्रहो, १६३१ मध्ये याच शहरात मुमताज महल बाळंतपणात मरण पावली. साम्राज्याचा खजिना हाताशी असून कोणी काही करू शकले नाही. भूल, निर्जंतुकीकरण आणि रक्त देण्याची सोय यांच्या अभावी त्या काळी कोणाचाच इलाज चालत नव्हता. आज या सोयी तालुक्यालाही मिळतात. ज्ञान वाढले, आणि ते वाढले ते चुका लिहून ठेवणाऱ्यांमुळे. ज्या बिलरोथ यांचा मी उल्लेख केला, त्यांनी झुरिक येथील १८६० ते १८६७ या काळातील आपल्या सर्व रुग्णांचे निकाल, मृत्यूंसह, छापून प्रसिद्ध केले होते. मृत्यू लपविण्याची रीत असलेल्या काळातील ही गोष्ट आहे. आता चांगल्या रुग्णालयांत दर महिन्याला उपद्रवांची आणि मृत्यूंची सभा भरते. माझ्या विभागात त्या सभेसाठी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर गुरुजींची नोंद मी माझ्या हाताने लिहिली आहे. नाडी एकशेदहा, निर्णय दुसऱ्या दिवशी, आणि त्या ओळीवर एक तिरकी रेघ. त्यानंतर नाडी वाढली की त्याच रात्री तपासणी करायची, हा आमच्याकडे नियम झाला. त्या नियमामुळे वेळेवर उपचार मिळालेल्या रुग्णांना गुरुजींचे नाव ठाऊक नाही.

समोर बसलेल्या मुलांना माझे सांगणे एवढेच आहे. घरी आजोबा किंवा आजी भाकरी कुस्करून खाऊ लागल्या, तर आईवडिलांना सांगा. मोठी माणसे आपली अडचण बोलत नाहीत. तुम्ही ताटाकडे पाहा. मी पाहिले होते, पण विचारले नाही.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण संपवितो.